कंपायलरपासून कादंबरीपर्यंत: एका फळीवरची पुस्तकं आणि गैरहजर समीक्षक

समासातला

या मंचावर पुस्तकांच्या याद्यांचे धागे पुष्कळ झाले. त्यांत वाटणी ठरलेली असते. तांत्रिक पुस्तकं एकीकडे, कथा-कादंबऱ्या दुसरीकडे, आणि समीक्षेला कोणी विचारतच नाही. मी मुद्दाम तिन्ही एकत्र घेतोय, कारण माझी एक जुनी तक्रार आहे.

प्रोग्रॅम लिहायला शिकवणारी पुस्तकं ढिगाने आहेत. दुसऱ्याने लिहिलेला प्रोग्रॅम वाचायला शिकवणारी शोधून काढावी लागतात. साहित्यात नेमकं उलट: एका कादंबरीवर पन्नास लेख, आणि कादंबरी कशी लिहायची हे कोणी गंभीरपणे शिकवत नाही. नोकरीत मात्र आपण निम्म्याहून जास्त वेळ दुसऱ्याचा कोड वाचण्यात घालवतो.

मला ठाऊक असलेला सगळ्यात देखणा अपवाद म्हणजे जॉन लायन्स यांचं युनिक्स या संगणक चालवणाऱ्या प्रणालीच्या (ऑपरेटिंग सिस्टिमच्या) सहाव्या आवृत्तीवरचं भाष्य. हे गृहस्थ ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्स विद्यापीठात शिकवायचे. १९७६-७७ च्या सुमारास त्यांनी वर्गासाठी दोन वह्या केल्या. एकीत युनिक्सच्या गाभ्याचा सुमारे ९,००० ओळींचा कोड, प्रत्येक ओळीला क्रमांक. दुसरीत त्यावरचं भाष्य: ही ओळ इथे का, हा चल (व्हेरिएबल) कुठून आला, इथे लेखकाने चलाखी केली आहे, इथे जरा गडबड वाटते. पुढे १९७९ मध्ये सातवी आवृत्ती आली आणि परवान्यात अट घातली गेली की हा कोड वर्गात शिकवायचा नाही. झालं. पुस्तक झेरॉक्सच्या झेरॉक्सवर जगलं आणि रीतसर छापायला १९९६ उजाडलं.

दोन वह्या शेजारी ठेवल्या की मूळ ग्रंथ आणि टीका असा थेट संबंध दिसतो. ज्ञानेश्वरी ज्यांनी सार्थ आवृत्तीतून वाचली त्यांना ही मांडणी अनोळखी वाटायची नाही.

आता पाठ्यपुस्तकांकडे बघू. त्यांना आपण 'पुस्तक' म्हणून वाचतच नाही, संदर्भ म्हणून चाळतो. कर्निहन-रिची यांचं सी भाषेवरचं पुस्तक (१९७८, दुसरी आवृत्ती १९८८) घ्या. तीनशे पानांच्या आत अख्खी भाषा. पण खरी गंमत क्रमाची आहे. पहिल्याच प्रकरणात लेखक भाषेतून एक धावती चक्कर मारून आणतात. अक्षरं मोजा, ओळी मोजा, शब्द मोजा, हे सगळं पॉइंटर (मेमरीतला पत्ता धरणारा चल) न वापरता. पॉइंटर येतो पाचव्या प्रकरणात. तोवर वाचकाच्या हातून चालणारे प्रोग्रॅम लिहून झालेले असतात, म्हणून तो घाबरत नाही.

याच्या उलट टोकाला ॲबलसन-सस्मन यांचं 'स्ट्रक्चर अँड इंटरप्रिटेशन ऑफ कॉम्प्युटर प्रोग्रॅम्स' (१९८५). इथे पहिली दोन प्रकरणं संपेपर्यंत चलाची किंमत बदलताच येत नाही! नेहमीच्या पुस्तकात पहिल्या पानावर येणारी गोष्ट यांनी तिसऱ्या प्रकरणापर्यंत रोखून धरली. आणि ती आल्यावर लगेच दाखवून दिलं की हिच्या येण्याने काय काय बिघडतं: तीच आज्ञा दोनदा दिली तर दोनदा वेगळं उत्तर येऊ शकतं, घटनांचा क्रम महत्त्वाचा होतो, काळ नावाची भानगड प्रोग्रॅममध्ये शिरते. काय आधी सांगायचं आणि काय लपवून ठेवायचं याची ही जाण कादंबरीकाराची आहे.

तर विचारायचं हे: तुमच्या फळीवर या तिन्ही जातींची पुस्तकं एकमेकांशी बोलतात का? आणि कोडची समीक्षा असा प्रकार का रुजला नाही?

---

रिकामा पॉइंटर

धागा आवडला, तक्रार नाही पटली.

रुजला नाही कारण कोड स्थिर राहत नाही. कविता छापली की छापली. लायन्सचं भाष्य सहाव्या आवृत्तीवर होतं, दोन-तीन वर्षांत सातवी आली. आज तर ज्या फाइलवर भाष्य लिहाल ती पुढच्या आठवड्यात कोणीतरी उचकटलेली असते. अशावर पुस्तक कोण लिहील आणि का?

शिवाय कोड रिव्ह्यू, म्हणजे कोड आत घेण्याआधी सहकाऱ्याने तो तपासणं, ही समीक्षाच आहे की. रोज होते. फक्त ती छापत नाहीत.

आणि संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड कनुथ यांना कसं विसरलात? त्यांनी टेक या आपल्या अक्षरजुळणी प्रणालीचा संपूर्ण प्रोग्रॅम १९८६ मध्ये पुस्तक म्हणून छापला, स्पष्टीकरणासकट. प्रोग्रॅम माणसाने वाचण्यासाठी लिहावा, मग यंत्राला द्यावा, हा त्यांचा आग्रह १९८४ च्या लेखापासूनचा. चाळीस वर्षं होऊन गेली. किती जण तसं लिहितात?

---

समासातला

कनुथ यांना विसरलो नाही, मुद्दाम वगळलं. लेखकाने स्वतःच्या प्रोग्रॅमवर लिहिलेलं स्पष्टीकरण म्हणजे कवीने स्वतःच्या संग्रहाला जोडलेली प्रस्तावना. वाचनीय असते, पण ती समीक्षा नाही. समीक्षेला तिऱ्हाईत लागतो.

रिव्ह्यूबद्दल: तिथे प्रश्न 'हे आत घ्यायचं का' एवढाच असतो. तो संपादकाचा प्रश्न झाला. 'हे असं का आहे' हा समीक्षकाचा. कोड स्थिर नसतो हे मात्र कबूल. पण दहा-दहा वर्षं न हललेला कोडही पुष्कळ असतो, आणि त्याच्यावरही कोणी लिहीत नाही.

---

शिळी आवृत्ती

समीक्षेला कोणी विचारत नाही म्हणालात म्हणून लिहिते.

आय. ए. रिचर्ड्स यांचं 'प्रॅक्टिकल क्रिटिसिझम' (१९२९) इथल्या तंत्रज्ञ मंडळींनी आवर्जून वाचावं. केंब्रिजमध्ये त्यांनी विद्यार्थ्यांना १३ कविता दिल्या. कवीचं नाव नाही, साल नाही. वाचा आणि काय वाटलं ते लिहून द्या. मग त्या उत्तरांचंच त्यांनी पुस्तक केलं. नावाजलेल्या कवींच्या कविता मुलांनी खुशाल मोडीत काढल्या होत्या आणि आज कोणाला आठवत नाहीत अशा कवींना डोक्यावर घेतलं होतं. रिचर्ड्स हसत नाहीत. वाचक नेमका कुठे घसरतो याची ते वर्गवारी करतात: साधा अर्थच लागला नाही, स्वतःची जुनी आठवण कवितेवर लादली, ठरावीक प्रतिक्रिया आधीच तयार होती, भावुकता आडवी आली, वगैरे. कोड रिव्ह्यूत लिहिणाऱ्याचं नाव झाकून बघा एकदा. 'वरिष्ठांनी लिहिलंय म्हणजे काहीतरी कारण असेल' ही ठरावीक प्रतिक्रिया किती वेळा निघते ते कळेल.

आपल्याकडे याच धर्तीची एक गोड हकीकत आहे. १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत 'कृष्णविवर' या कथेला पहिलं बक्षीस मिळालं. लेखक, नारायण विनायक जगताप. हे जगताप म्हणजे जयंत विष्णु नारळीकर, स्वतःची आद्याक्षरं उलटी करून बसलेले. नावाचं वजन परीक्षकांवर पडू नये म्हणून. शास्त्रज्ञाला शोभेल असा प्रयोग!

दुसरं पुस्तक रोलाँ बार्थ यांचं 'एस/झेड' (१९७०). बाल्झाकची एक मध्यम लांबीची कथा घेतली आणि तिचे ५६१ तुकडे केले. प्रत्येक तुकड्यापाशी थांबून पाच सूत्रांपैकी कोणतं इथे चालू आहे ते नोंदवलं: रहस्य पुढे सरकतंय का, कृती चालली आहे का, गृहीत धरलेलं लोकज्ञान बोलतंय का. कथा एकीकडे, भाष्य दुसरीकडे, क्रमांक टाकलेले. तुमच्या लायन्स साहेबांचा सख्खा भाऊ. फरक इतकाच की बार्थना आपणच शेवटचा शब्द बोलतोय असं कधी वाटत नाही.

मराठीतली समीक्षा अवघड वाटते हा आरोप मी ऐकत आले आहे. काही अंशी खरा आहे. रा. भा. पाटणकर यांची 'सौंदर्यमीमांसा' (१९७४) झोपताना वाचायची नाही. पण ती अवघड आहे ती विषयामुळे, लेखकाच्या हौसेमुळे नाही. मर्ढेकरांचं 'सौंदर्य आणि साहित्य' त्यामानाने लहान आणि धारदार. लयीचे संवाद, विरोध आणि समतोल असे तीन नियम मांडून त्यावर सगळी कला तोलून बघायचा त्यांचा हट्ट आज कोणी पूर्ण मान्य करणार नाही. पण एवढ्या थोड्या गृहीतकांवर एवढा डोलारा उभा करायची हिंमत प्रोग्रॅमरला आवडावी.

---

पानगळ

शिळी आवृत्तीताई, तुमच्या प्रतिसादाची वाचनखूण साठवली. 🙂

कथेची बाजू कोणीच घेतली नाही म्हणून मी.

समासातला यांना 'मूळ ग्रंथ आणि टीका' एवढं आवडत असेल तर नाबोकोव्हची 'पेल फायर' (१९६२) वाचली पाहिजे. एका दिवंगत कवीची ९९९ ओळींची कविता, आणि तिच्यावर शेजाऱ्याने लिहिलेल्या टिपा. शेवटी सूचीसुद्धा! हा शेजारी टिपा लिहितालिहिता कवितेला बाजूला सारून स्वतःचीच हकीकत घुसडत जातो. आपण परदेशातले परागंदा राजे आहोत, कविता खरं तर आपल्यावरच आहे, असं त्याचं म्हणणं. कविता एक सांगते, टीप भलतंच. या दोहोंच्या फटीत कादंबरी घडते. कॉमेंट एक म्हणते आणि कोड दुसरंच करतो, अशा फाइलीत आयुष्य घालवलेल्यांना ही कादंबरी समजावून सांगावी लागणार नाही.

आणि अर्जेंटिनाचा लेखक बोर्हेस. 'बाबेलचं ग्रंथालय' ही कथा १९४१ ची. प्रत्येक पुस्तक ४१० पानांचं, पानात ४० ओळी, ओळीत सुमारे ८० अक्षरं, चिन्हं एकूण २५. म्हणजे पुस्तकात १३,१२,००० अक्षरं. शक्य असलेलं प्रत्येक पुस्तक तिथे आहे. एकूण पुस्तकांची संख्या लिहायची म्हटली तर त्या संख्येलाच १८ लाखांवर अंक लागतात. तिथे ग्रंथालयाची खरी सूची आहे, आणि असंख्य खोट्या सूच्याही. मला आवडतो तो पुढचा पेच, जो बोर्हेस उघडपणे सांगत नाही: तिथलं एखादं पुस्तक नेमकं शोधायचं तर त्याचा पत्ता सर्वसाधारणपणे पुस्तकाइतकाच लांब होईल. म्हणजे पत्ता माहीत असणं हेच पुस्तक माहीत असणं. माहितीशास्त्राचा हा धडा मला कुठल्याच पाठ्यपुस्तकाने इतक्या थोडक्यात दिला नाही. माहितीशास्त्राचा पाया घालणारा शॅननचा लेख १९४८ चा, कथा सात वर्षं आधीची.

फ्रेंच लेखक रेमाँ क्नोचं १९६१ चं पुस्तकही याच घराण्यातलं. दहा सुनीतं, प्रत्येकाच्या १४ ओळी १४ पट्ट्यांवर कापलेल्या. कुठलीही पट्टी कुठल्याही सुनीतातली घ्या, यमक जुळतंच. एकावर चौदा शून्यं इतकी सुनीतं. मिनिटाला एक वाचलं, झोपलात नाही, तरी १९ कोटी वर्षं!

---

रिकामा पॉइंटर

पानगळ, क्नोचं पुस्तक कोणी 'वाचलं' आहे का हा प्रश्न राहतोच. दहा मूळ सुनीतं वाचून लोक थांबतात. कल्पना ऐकली की पुस्तक संपलं.

फ्रेंच लेखक जॉर्ज पेरेकचं तसं नाही. फ्रेंचमध्ये सगळ्यात जास्त येणारं अक्षर पूर्ण टाळून त्याने १९६९ मध्ये कादंबरी लिहिली. तिथे बंधन हाच विषय झालाय: काहीतरी नाहीसं झालं आहे आणि पात्रांना ते काय आहे हे म्हणताच येत नाही, कारण म्हणायला तेच अक्षर लागेल. मेमरी कमी असलेल्या यंत्रासाठी लिहिताना असंच वाटायचं. जे नाही त्याच्याभोवती सगळी रचना.

पण प्रामाणिकपणे सांगतो, मला या खेळकर मंडळींपेक्षा 'रणांगण' (१९३९) जास्त भिडते. इवलीशी कादंबरी. एक बोट, युद्धाच्या तोंडावरचा युरोप मागे पडतोय, चक्रधर आणि हॅर्टा. विश्राम बेडेकरांनी यात एक वाक्य जास्तीचं ठेवलेलं नाही. पुढे कादंबरीच्या वाटेला ते क्वचितच गेले. चक्रव्यूह, कोडी, पट्ट्या काही लागत नाही.

---

पानगळ

रणांगणबद्दल +१००. यावर वाद घालणार नाही.

---

सूत्रधार

चर्चा पाश्चात्त्यांभोवतीच फिरते आहे म्हणून अंमळ लक्ष वेधतो. मूळ ग्रंथ, त्यावर भाष्य, भाष्यावर टीका ही परंपरा आपल्याकडे व्याकरणातच सगळ्यात काटेकोर आहे. पाणिनीची अष्टाध्यायी, आठ अध्याय, सुमारे ४,००० सूत्रं. तिच्यावर कात्यायनाची वार्तिकं, त्या दोहोंवर पतंजलीचं महाभाष्य. वार्तिकं म्हणजे आजच्या भाषेत त्रुटींची यादीच: इथे हे सूत्र कमी पडतं, इथे हे जास्तीचं आहे. आणि पतंजली कित्येकदा पाणिनीची बाजू घेऊन सांगतो की सूत्र आहे तसंच ठेवा, तुम्ही वाचायला चुकलात.

सूत्रांतली काटकसर तर पाहण्यासारखी. आधीच्या सूत्रातलं पद पुढच्या सूत्रांत आपोआप चालू राहतं, त्याला अनुवृत्ती म्हणतात. म्हणून एखादं सूत्र सुटं काढून वाचलं तर अर्थच लागत नाही. माहेश्वर सूत्रांतून (ठरावीक क्रमाने मांडलेल्या वर्णांच्या यादीतून) 'अच्' (स्वर), 'हल्' (व्यंजनं) असे प्रत्याहार बनवले की अक्षरांचे गट दोन अक्षरांत सांगता येतात. प्रोग्रॅमिंग भाषांचं व्याकरण लिहायची जी बॅकस-नाउर पद्धत आहे, तिच्या नावात पाणिनी असावा अशी सूचना पीटर इंगरमन यांनी १९६७ मध्ये एका संगणकविषयक नियतकालिकाला पत्र लिहून केली होती.

तेव्हा संगणकासाठी सर्वांत योग्य भाषा कोणती हे वेगळं सांगायला नको.

---

रिकामा पॉइंटर

शेवटचं वाक्य सोडून उत्तम प्रतिसाद. 🙏

त्या वाक्यामागचं ढकलपत्र सगळ्यांना येऊन गेलंय. मूळ लेख रिक ब्रिग्ज यांचा, १९८५ चा. त्यात मुद्दा असा की संस्कृत वैयाकरणांची वाक्याचा अर्थ उलगडून मांडण्याची पद्धत कृत्रिम बुद्धिमत्तेतल्या ज्ञान मांडण्याच्या पद्धतीशी जुळते. त्याचं पुढे 'नासाने सिद्ध केलं' झालं. पाणिनी मोठा आहेच, त्याला या कुबड्या कशाला?

---

सूत्रधार

कुबड्या काढून घेतल्या. पाणिनी उभा आहे.

---

समासातला

पाणिनी आल्यामुळे धाग्याला पाहिजे ते मिळालं. पतंजलीचं 'तुम्ही वाचायला चुकलात' मला फार आवडलं, कारण लायन्सच्या पुस्तकात याच्या उलट प्रसंग आहे.

युनिक्सच्या त्या सहाव्या आवृत्तीत एका प्रक्रियेकडून (चालू प्रोग्रॅमकडून) दुसरीकडे जाण्याच्या जागी एक प्रसिद्ध कॉमेंट आहे. आशय असा, की तुम्हाला हे समजावं अशी अपेक्षा नाही. पिढ्यान्‌पिढ्या वाचकांनी तिचा अर्थ उर्मटपणा असा लावला. युनिक्सच्या कर्त्यांपैकी डेनिस रिची यांनी पुढे खुलासा केला की भाव 'हे परीक्षेत येणार नाही' असा होता, हिणवणं नव्हे. आणि त्यापुढे हेही सांगितलं की खरी अडचण म्हणजे तिथे काय चाललंय ते आम्हालाही समजलेलं नव्हतं.

समीक्षेत विमसॅट आणि बिअर्ड्सली यांनी १९४६ मध्येच बजावलं होतं की लेखकाचा हेतू काय होता यावरून कृतीचं मोल ठरवू नका. इथे तर लेखकच साक्ष देतोय की हेतू होता, समज नव्हती. कॉमेंटवर किती विसंबायचं हे ज्याचं त्याने ठरवावं. मी तरी त्या वाचतो शेवटी.

---

नवखा वाचक

मी संगणक अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. सगळ्यांचे प्रतिसाद वाचले, भारावून गेलो आणि थोडा घाबरलोही. आम्हाला कॉर्मेन आणि मंडळींचं 'इंट्रोडक्शन टू अल्गोरिदम्स' लावलंय. तेरा-एकशे, म्हणजे १,३०० च्या आसपास पानं. ते कधी संपणार आणि मी रणांगण किंवा मर्ढेकर कधी वाचणार? कनुथना हात लावू का? समीक्षा कुठून सुरू करू?

---

रिकामा पॉइंटर

ते पुस्तक संपवायचं नसतं. पहिली आवृत्ती १९९० ची, चौथी २०२२ ची, लेखकांनाही संपलेलं नाही. त्यातलं बरोबरपणाच्या सिद्धतेचं प्रकरण नीट कर. इन्सर्शन सॉर्टचं (यादी क्रमाने लावायच्या एका रीतीचं) लूप फिरताना दर फेरीला काय खरं राहतं, हा भाग. तो कळला की बाकीचं लागेल तेव्हा उघडता येतं.

कनुथ: 'द आर्ट ऑफ कॉम्प्युटर प्रोग्रॅमिंग'चा पहिला खंड १९६८ चा. १९६२ मध्ये कंपायलरवर (प्रोग्रॅम यंत्राच्या भाषेत उतरवणाऱ्या प्रोग्रॅमवर) एकच पुस्तक लिहायचं म्हणून बसले होते, बारा प्रकरणांचं. सातवं प्रकरण अजून चालू आहे, ४ब खंड २०२२ मध्ये आला. मध्ये छपाई मनासारखी दिसेना म्हणून स्वतःची अक्षरजुळणी प्रणाली करायला घेतली, त्यात काही वर्षं गेली. या माणसाकडून वेळापत्रक शिकू नकोस. गृहपाठ मात्र कर. प्रत्येक उदाहरणाला ० ते ५० असा काठिण्यांक आहे. १० पर्यंतची तोंडी, ३० च्या आसपासची संध्याकाळ खातात, ५० म्हणजे अजून कोणाला न सुटलेलं. फर्माचं शेवटचं प्रमेय तिथे ५० ला होतं. गणितज्ञ वाइल्स यांनी ते सिद्ध केल्यावर ४५ झालं.

---

पानगळ

४५! :ड 

---

शिळी आवृत्ती

बाळा, समीक्षेची सुरुवात समीक्षेपासून करू नकोस. आधी एखादी कृती इतकी आवडू दे की तिच्याबद्दल दुसरा कोणी काय म्हणतो हे ऐकायची भूक लागेल. 'कोसला' (१९६३) वाच. रागावशील किंवा खुळावशील. मग नेमाड्यांचंच 'टीकास्वयंवर' उघड. त्यांची मतं पटायलाच हवीत असं नाही. मला लघुकथेला कमी लेखणारं त्यांचं मत आजही अन्यायाचं वाटतं, जी. ए. कुलकर्णी वाचलेल्या कोणालाही वाटेल. पण भांडावंसं वाटणं ही समीक्षेतली पहिली पायरी आहे. शांत आवाज हवा असेल तर कुसुमावती देशपांडे यांचं 'पासंग'. पाटणकर दहा वर्षांनी.

---

समासातला

नवखा वाचक, तुझ्यासाठी एकच भर. लायन्स थेट वाचायला गेलास तर यंत्र पीडीपी-११ आणि सी भाषा जुन्या वळणाची, दोन्ही आडवे येतील. एमआयटीने २००६ पासून वर्गासाठी सहाव्या आवृत्तीच्या धर्तीवर 'एक्सव्ही६' नावाची छोटी प्रणाली आजच्या सीमध्ये लिहिली आहे. सोबत तिच्यावरचं भाष्यपुस्तकही. दोन्ही फुकट मिळतात. एका बाजूला कोड, दुसऱ्या बाजूला पुस्तक.

आणि ब्रूक्स यांचं सॉफ्टवेअर प्रकल्पांवरचं 'द मिथिकल मॅन-मंथ' वाचणार असशील तर १९७५ ची नको, १९९५ ची आवृत्ती घे. उशीर झालेल्या कामावर माणसं वाढवली की काम आणखी लांबतं, हे त्यातलं वाक्य सगळ्यांना पाठ आहे. पण वीस वर्षांनी त्याच माणसाने आपल्याच पुस्तकातली विधानं एकेक करून तपासली आहेत, आणि प्रोग्रॅमच्या एका भागातली माहिती दुसऱ्या भागांपासून लपवण्याच्या बाबतीत संगणकशास्त्रज्ञ पार्नस बरोबर होते, मी चुकलो, असं छापून टाकलंय. ते प्रकरण आधी वाच, मग मूळ पुस्तक.

---

नवखा वाचक

एक्सव्ही६ उतरवून घेतलं. भाष्य आधी वाचू की कोड?

---

समासातला

कोड. न कळलेल्या ओळींचे क्रमांक वहीत टिपत जा, मग भाष्य उघड. जिथे तेही गप्प असेल त्या ओळी इथे टाक.